बिनपंख्याचा, लिनक्सवाला छोटा संगणक घ्यावा का?

प्रश्न असा आहे: दिवसरात्र चालू राहील असा, अजिबात आवाज न करणारा छोटा संगणक हवा आहे. कामं मोजकीच. फोटो आणि कागदपत्रांचा साठा, जाहिराती अडवणारा डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी सेवा), आणि अधूनमधून मॉनिटर जोडून ब्राउझर. काही विक्रेते लिनक्स घालून देतात, तसाच दिसणारा डबा रिकामाही मिळतो. मग लिनक्सवाला घ्यावा का? आणि पंखाच नाही म्हटल्यावर तो तापून लवकर मरणार नाही ना?

पहिल्याचं उत्तर: हो, लिनक्सवालाच घ्या, पण लिनक्ससाठी नको. लिनक्स तुम्ही स्वतः अर्ध्या तासात फुकट घालू शकता, आणि मी तर म्हणेन घालाच. का ते पुढे सांगतो. विक्रेत्याकडून तुम्ही घेताय ती वेगळीच गोष्ट. त्या बोर्डावरची नेटवर्क चिप, ग्राफिक्स, वाय-फाय, आवाज, झोपणं आणि जागं होणं हे सगळं लिनक्सवर चालतं, हे त्याने निदान एकदा तरी स्वतः चालवून पाहिलंय. रिकाम्या डब्याच्या बाबतीत ते कुणीच पाहिलेलं नसू शकतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, कारण तापण्याच्या बाबतीत लोक हमखास भलत्याच गोष्टीला घाबरतात.

आधी जरा मागे जाऊ. इस्रायलच्या कॉम्प्युलॅब कंपनीने 2007 मध्ये फिट-पीसी काढला: 500 मेगाहर्ट्झची एएमडी जिओड चिप, 256 एमबी रॅम, आणि आत लिनक्स. आजच्या मानाने खेळणंच, पण जेमतेम काही वॅट खाणारा, तळहातावर मावणारा पूर्ण संगणक ही कल्पना त्या वेळी नवी होती. 2009 मध्ये त्याचीच पुढची आवृत्ती इंटेलच्या ॲटम झेड मालिकेवर आली, आणि या मालिकेत एक मेख होती. तिचं ग्राफिक्स, जीएमए 500, इंटेलचं स्वतःचं नव्हतंच. ते पॉवरव्हीआर या परवान्यावर घेतलेल्या डिझाइनवर उभं होतं आणि त्याचा ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) बंदिस्त होता. तो ठरावीक जुन्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, नीट चाले. उबुंटू या लोकप्रिय लिनक्स अवताराची नवी आवृत्ती टाकली की पडदा काळा. 2011 मध्ये कर्नलमध्ये एक साधा मुक्त ड्रायव्हर आला, पण त्यात त्रिमितीय वेग नव्हता. त्या पिढीचे डबे हार्डवेअर म्हणून ठणठणीत होते. जुन्या आवृत्तीला खिळलेले राहिले ते एका ड्रायव्हरपायी.

तेव्हापासून माझा नियम असा: ‘लिनक्स घातलेलं आहे’ हे ऐकून थांबायचं नाही, ‘कुठलं कर्नल, कुणाचं?’ हे विचारायचं. डब्यात डेबियनचं (हाही लिनक्सचा एक अवतार) किंवा उबुंटूचं नेहमीचं कर्नल असेल आणि सगळं चालत असेल, तर पुढची पाच-सात वर्षं निवांत. विक्रेत्याने स्वतः जोडकाम केलेलं, नावापुढे त्याच्या कंपनीची शेपटी लावलेलं कर्नल असेल, तर तुम्ही त्या विक्रेत्याच्या उत्साहावर जगणार. आणि हा उत्साह साधारण पुढचं मॉडेल बाजारात येईपर्यंतच टिकतो.

‘लिनक्स आवृत्ती’ या शब्दामागे आणखी एक गोष्ट लपते. इंटेलची पहिली कॉम्प्युट स्टिक 2015 मध्ये आली. विंडोजवालीत 2 जीबी रॅम आणि 32 जीबी साठा, उबुंटूवालीत 1 जीबी रॅम आणि 8 जीबी साठा. चिप तीच, अंग अर्धंमुर्धं. तिच्यात बारीकसा पंखाही होता, म्हणजे ती आपल्या विषयाची सख्खी नव्हे, पण ही सवय अजून गेलेली नाही. तेव्हा दोन्ही आवृत्त्यांचे तपशील शेजारी ठेवून वाचा: रॅम किती, ती सोल्डर केलेली आहे की बदलता येते, साठा ईएमएमसी आहे की खरा एसएसडी. ईएमएमसी, म्हणजे फोनमध्ये असते तशी साठ्याची चिप, बोर्डावरच चिकटलेला असतो. तो झिजला की डबा संपला.

आता तापण्याकडे.

पंखा असलेल्या संगणकात हवा आत खेचली जाते, फिरते, बाहेर पडते. केस म्हणजे नुसतं आवरण. बिनपंख्याच्या डब्यात केस हाच हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषून हवेत सोडणारा धातू. चिपच्या डोक्यावर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा ठोकळा, त्यावर पेस्ट किंवा पॅड, आणि ठोकळा थेट केसच्या पाठीला टेकलेला. म्हणजे केस गरम लागणं हे आजाराचं लक्षण नाही, तेच तिचं काम आहे. ‘हात लावला तर चटका बसला’ म्हणून घाबरून फोन करणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच सांगतो.

साधा हिशोब करू. 15 सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद आणि 4 सेंटीमीटर उंच डबा घ्या. त्याचं सगळ्या बाजूंचं क्षेत्रफळ होतं 690 चौरस सेंटीमीटर. स्थिर हवेत, वर चढणारी गरम हवा आणि उत्सर्जन दोन्ही धरून, एक चौरस मीटर पृष्ठभाग दर अंश फरकामागे साधारण 10 वॅट उष्णता सोडतो. म्हणजे हा डबा अंशाला 0.69 वॅट सोडणार. आत 10 वॅट जळत असतील तर केस खोलीपेक्षा सुमारे 15 अंशांनी गरम; खोली 25 अंश असेल तर केस 40. कोमट, छान. तेच 25 वॅट जळू लागले की वाढ 36 अंशांची, म्हणजे केस 61 वर, आणि खोलीच 35 अंश असेल तर 71. चिप अर्थातच केसपेक्षा आणखी गरम. पंखांसारख्या उभ्या पट्ट्या असलेल्या केसचं क्षेत्रफळ वाढतं, आकडे जरा सुधारतात, पण गणिताची जात तीच राहते.

पृष्ठभागाचंही ऐका. चकचकीत, नागडं ॲल्युमिनियम उष्णता उत्सर्जित करायला फार कंजूष. ॲनोडाइझ केलेलं, म्हणजे विजेने ऑक्साइडचा थर चढवलेलं, तेच ॲल्युमिनियम कित्येक पट उदार. अशा तापमानांना जवळपास निम्मी उष्णता उत्सर्जनानेच जाते, म्हणून हे डबे बहुतेक ॲनोडाइझ केलेले असतात. त्यात डिझायनरची आवड कमी, भौतिकशास्त्र जास्त. देखणा, चकचकीत, नागड्या धातूचा डबा दिसला की मला आधी शंका येते.

मग खरं घोडं कुठे पेंड खातं? वॅटच्या आकड्यात. आजकाल अशा डब्यांत सर्रास दिसते ती इंटेलची एन100 चिप, 2023 च्या सुरुवातीची. चार कोर, कागदावर 6 वॅट. तुमच्या कामाला ती पुरून उरते. पण 6 वॅट हा इंटेलने दिलेला पायाभूत आकडा. डबा बनवणारा बायोसमध्ये (संगणक चालू होताना आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या सॉफ्टवेअरमध्ये) ही मर्यादा स्वतः ठरवतो, आणि चाचण्यांत वेगवान दिसावं म्हणून ती 15 वॅट किंवा त्याहूनही वर नेऊन ठेवतो. थोड्या वेळापुरती 25 सुद्धा. मग त्याच चिपचा एक डबा आयुष्यभर कोमट राहतो आणि दुसरा भाजत राहतो. दोघांच्या जाहिरातीत मात्र ‘6 वॅट, पूर्ण शांत’ असंच लिहिलेलं. बायोसमध्ये ही मर्यादा बदलायची सोय आहे का, हे विक्रेत्याला नक्की विचारा. मी स्वतः ती 10 वर आणून ठेवतो. फाइल सर्व्हरच्या कामात फरक कळतसुद्धा नाही.

आणि तपासणी कशी करायची? इथे बहुतेक परीक्षणं फसतात. एक किलो ॲल्युमिनियम एक अंशाने तापवायला सुमारे 900 जूल लागतात. 15 वॅटने ते भरायला एक मिनिट. म्हणजे जड केस मिनिटाला जेमतेम एक अंश चढते, पुढे पुढे त्याहूनही हळू. दहा मिनिटांची चाचणी घेऊन ‘तापमान उत्तम’ म्हणणाऱ्याने डबा तापायच्या आतच निकाल दिलेला असतो. वरच्या आकड्यांचा डबा स्थिर तापमानाला यायला तासभर तरी घेतो. म्हणून ‘स्ट्रेस-एनजी’ हा मुद्दाम भार टाकणारा प्रोग्राम सगळ्या कोरांवर लावा, दुसऱ्या खिडकीत ‘सेन्सर्स’ ही कमांड दर दोन सेकंदांनी चालू ठेवा, आणि दीड तास दुसरं काही काम करा. परत आल्यावर चिपचं तापमान आणि घड्याळाचा वेग, म्हणजे मेगाहर्ट्झ, दोन्ही लिहून घ्या. तापमान 80 च्या आत स्थिरावलं आणि वेग पडला नाही, तर खुशाल घरी ठेवा. नव्वदी पार करून वेग निम्म्यावर आला असेल तर परतीची मुदत संपायच्या आत परत करा.

या चाचणीत हाताचाही उपयोग करा. एकदा माझ्याकडे एक नवा कोरा डबा आला. काही काम नसतानाही चिप 60 च्या आसपास, आणि भार टाकल्यावर मिनिटभरात 95 च्या पुढे. केसला हात लावला तर गार, थंडगार. चिप तापलेली आणि केस गार, याचा अर्थ एकच: उष्णता केसपर्यंत पोचतच नाहीये. तळाचे चार स्क्रू काढले, ठोकळा उचलला, आणि पॅडवर निळसर पारदर्शक झिल्ली तशीच. कारखान्यात ती सोलायचीच राहिली होती. सोलली, स्क्रू आडव्या-तिडव्या क्रमाने थोडे थोडे आवळले, आणि तोच डबा दीड तासाच्या चाचणीत 71 वर थांबला. याच्या उलट, चिपही तापलेली आणि केसही तापलेली असेल तर आतलं जोडकाम ठीक आहे. वॅट तरी जास्त आहेत किंवा भोवती हवा नाही. एवढा फरक कळला की निम्मं निदान स्क्रू ड्रायव्हर न उचलता होतं.

‘तापून मरेल का’ याचं खरं उत्तर मात्र चिपमध्ये नाही. प्रोसेसर स्वतःला सांभाळतो; शंभरीच्या आसपास गेला की वेग कमी करतो, फारच झालं तर बंद होतो. मरतात ते बाकीचे. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं आयुष्य दर 10 अंश वाढीमागे साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. एसएसडी बहुधा 70 अंशांपर्यंतच चालवायचा असतो, आणि अनेक डब्यांत तो बोर्डाच्या खालच्या बाजूला, केसला न टेकता, कोंडलेल्या हवेत बसवलेला असतो. केस 50 अंशांवर आणि आतला एनव्हीएमई (वेगवान जातीचा एसएसडी) 72 वर, हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलंय. ‘एनव्हीएमई’ किंवा ‘स्मार्टसीटीएल’ कमांडने त्याचं तापमान वेगळं बघा. उपाय सोपा आहे: एसएसडी आणि तळाचा पत्रा यांच्यामध्ये बेताच्या जाडीचा थर्मल पॅड. डबा घेताना मी आतले फोटो मागतो ते एसएसडी कुठे बसतो हे पाहायला.

आता तो आधीच घातलेला लिनक्स. तो पुसून स्वतः घाला असं मी वर सुचवलं. कारण ऐका. एका ऑफिसात मी एकाच खोक्यातून आलेले दोन डबे लावले. दोन्ही चालू, दोन्ही छान. पण एक जोडला की दुसरा नेटवर्कवरून गायब, थोड्या वेळाने उलट. केबल बदलली, स्विचचं पोर्ट बदललं, नेटवर्क कार्डांचे मॅक पत्ते, म्हणजे कारखान्यात दिलेले ओळख क्रमांक, पाहिले. ते वेगवेगळेच होते. तरीही राउटर दोघांना एकच आयपी पत्ता देत होता. अर्धा दिवस गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला. विक्रेत्याने एक डबा नीट तयार करून त्याच्या डिस्कची नक्कल सगळ्यांवर उतरवली होती. ईटीसी फोल्डरमधली ‘मशीन-आयडी’ नावाची फाइल त्यामुळे सगळ्या डब्यांत अक्षरशः एकच. सिस्टमडीचा (लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या प्रणालीचा) नेटवर्क भाग पत्ता मागताना स्वतःची ओळख मॅक पत्त्यावरून सांगत नाही, या आयडीवरून बनवलेल्या खुणेने सांगतो. राउटरच्या लेखी ते दोन डबे नव्हतेच. एकच डबा, सारखा दारावर येणारा.

ती फाइल पुसली, नवी आयडी तयार केली, प्रश्न मिटला. पण तिथेच आणखी एक वाईट गोष्ट सापडली: एसएसएचच्या (दुरून सुरक्षितपणे लॉगिन करण्याच्या सोयीच्या) होस्ट किल्ल्या, ज्यांच्यावरून डब्याची ओळख पटते, त्याही दोन्हीवर सारख्या. म्हणजे त्या विक्रेत्याचा एक डबा ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे माझ्या डब्याची खासगी किल्ली आहे. तो मध्ये शिरून माझ्या सर्व्हरचं सोंग घेऊ शकतो आणि माझा संगणक चकार शब्द काढणार नाही. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, निष्काळजीपणा होता. पण घराची कुलपं घाऊक आली आहेत हे कळल्यावर हेतू विचारत बसायचं कशाला?

तरी पुसायच्या आधी तासभर थांबा. तो लिनक्स हा तुमच्याकडचा एकमेव पुरावा आहे की हे हार्डवेअर नीट चालू शकतं. बूट झाल्यावरचा ‘डी-मेसेज’चा, म्हणजे कर्नलच्या नोंदींचा, पूर्ण मजकूर, कर्नलची आवृत्ती, कुठल्या उपकरणाला कुठला ड्रायव्हर लागलाय ते दाखवणारा ‘एलएसपीसीआय’चा तपशील, बूटच्या ओळीत दिलेले खास पर्याय, आणि विक्रेत्याने जोडलेले सॉफ्टवेअरचे स्रोत, हे सगळं एका पेनड्राइव्हवर घ्या. शक्य असेल तर पूर्ण डिस्कची प्रतही. मग स्वतःच्या हाताने डेबियन किंवा उबुंटूची दीर्घकालीन आवृत्ती घाला आणि दोन्ही याद्या जुळवून पाहा. काही चालत नसेल तर उत्तर बहुतेक वेळा जुन्या यादीत असतं. बूटच्या ओळीत काही गूढ पर्याय दिसला तर तो का आहे ते शोधल्याशिवाय काढू नका. इंटेलच्या बे ट्रेल या जुन्या पिढीत चिप खोल झोपेत गेली की लिनक्स अवचित गोठायचा. त्यावर ‘मॅक्स-सीस्टेट’ (झोप किती खोल असावी ते ठरवणारा पर्याय) 1 वर बांधून ठेवणं हाच बरीच वर्षं तोडगा होता. ज्यांनी तो ‘हे काय कचरा’ म्हणून काढला, त्यांचे डबे रात्री-अपरात्री थिजायचे.

आवृत्ती निवडताना चिपचं वय आणि कर्नलचं वय यांची पत्रिका जुळवा. डेबियन 11 चं मूळ कर्नल 5.10, डिसेंबर 2020 चं. 2023 च्या चिपचं ग्राफिक्स त्याला ओळखीचं असण्याचं कारणच नाही. पडदा दिसतो, पण व्हिडिओ अडखळतो, आणि लोक ‘लिनक्स हळू आहे’ म्हणून मोकळे होतात. शिवाय डेबियनने जून 2023 मधल्या 12 व्या आवृत्तीपासून बंदिस्त फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) अधिकृत इन्स्टॉलरमध्येच घेतलं. त्याआधी वाय-फाय चालू करायला लागणारी फाइल आणायलाच वाय-फाय लागायचं. ती कसरत आता संपली.

इथवर मी इंटेल-एएमडीच्या डब्यांबद्दल बोललो. एआरएमच्या, म्हणजे फोनमध्ये असतात तशा चिपांच्या, छोट्या बोर्डांची तऱ्हा निराळी. इंटेल-एएमडीवर यूईएफआय आणि एसीपीआय (आजचा बायोस आणि हार्डवेअरची माहिती देण्याची त्याची ठरलेली पद्धत) असल्यामुळे कुठलाही लिनक्स पेनड्राइव्हवरून उठतो आणि बोर्डावर काय काय आहे ते फर्मवेअरलाच विचारून घेतो. एआरएमच्या बहुतेक स्वस्त बोर्डांवर विचारायला कुणी नसतं; बोर्डाचा नकाशा, म्हणजे डिव्हाइस ट्री, कर्नलला बाहेरून द्यावा लागतो आणि तो बोर्डागणिक वेगळा. म्हणून तिथे ‘लिनक्स आधीच घातलेला’ याचा अर्थ पुष्कळदा ‘फक्त आम्ही घातलेलाच चालेल’ असा होतो. रास्पबेरी पाय हा प्रसिद्ध छोटा बोर्ड याला बराचसा अपवाद, कारण 2012 पासून त्यांनी स्वतःची सिस्टीम सातत्याने सांभाळली. एआरएम बोर्डांसाठी लिनक्स बनवणाऱ्या आर्मबियन प्रकल्पानेही अनेक अनाथ बोर्डांना आसरा दिलाय. पण कुठलंही अनोळखी एआरएम बोर्ड घेण्याआधी ते मूळ कर्नलवर किती चालतं हे पाहा. विक्रेत्याच्या पानावर पाहू नका, आर्मबियनच्या यादीत पाहा.

तुमच्या कामांत डीएनएस आहे म्हणून रास्पबेरी पायबद्दल एक सापळा सांगतो. पाय 5 च्या आधीच्या पायांवर स्वतःचं घड्याळ नाही. वीज गेली, आली, तर वेळ जुनीच. तुम्ही डीएनएसवर डीएनएसएसईसी तपासणी (उत्तरांवरच्या डिजिटल सह्या पडताळणं) चालू ठेवली असेल तर चुकीच्या वेळेमुळे सह्या अवैध ठरतात आणि नावं सुटत नाहीत, म्हणजे नावावरून पत्ता मिळत नाही. नावं सुटत नाहीत म्हणून वेळ देणारा सर्व्हर सापडत नाही. आणि तो सापडत नाही म्हणून वेळ सुधारत नाही. सगळ्या घराचं इंटरनेट ‘बंद’, आणि कारण एक नसलेली बटण-बॅटरी. वेळेच्या एका-दोन सर्व्हरांचे पत्ते थेट आकड्यांत लिहून ठेवले की सुटका होते. नाहीतर घड्याळ असलेला डबा घ्या, जो तुम्ही तसाही घेणारच आहात.

चांगलं काम कसं दिसतं तेही सांगायला हवं, नाहीतर मी नुसत्या तक्रारीच करतोय असं वाटेल. स्वित्झर्लंडच्या पीसी इंजिन्सचे एपीयू बोर्ड: एएमडीची 6 वॅटची चिप, खाली ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यातून उष्णता सरळ केसमध्ये, आणि बायोसच्या जागी कोअरबूट हा मुक्त पर्याय. दिसायला एकदम रुक्ष. ते उत्पादन आता बंद झालंय, पण वर्षानुवर्षं धूळ खात चाललेले असे डबे मी अजून पाहतो. चेक प्रजासत्ताकातल्या सीझेड-एनआयसी या संस्थेचा टुरिस ओम्निया राउटर 2016 पासून ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या मुक्त लिनक्सवर आधारलेली सिस्टीम घेऊन येतो आणि स्वतःला अद्ययावत ठेवतो. 2024 मध्ये ओपनडब्ल्यूआरटी वन हा राउटर आला. त्यात सिस्टीम बिघडली तरी उठवता यावी म्हणून वेगळी फ्लॅश चिप आणि एक साधी कळ दिली आहे. कळ सरकवायची, बूट करायचं, पुन्हा घालायचं. मुक्त स्रोत हा शब्द खोक्यावर छापणं सोपं आहे. ही कळ देणाऱ्याने ग्राहक प्रयोग करणार हे मनापासून धरलेलं असतं.

फर्मवेअरचं थोडक्यात. बायोसची सुधारणा लिनक्समधून, म्हणजे एफडब्ल्यूयूपीडी या फर्मवेअर सुधारणाऱ्या प्रोग्रामने किंवा निदान पेनड्राइव्हवरून, करता येते का ते विचारा. काही जण फक्त विंडोजवर चालणारी फाइल देतात आणि लिनक्स घातलेला डबा विकतात, हा विनोद त्यांच्या लक्षात येत नाही. 2024 मध्ये बायनर्ली या सुरक्षा संस्थेने दाखवून दिलं की अनेक उत्पादकांच्या शेकडो मॉडेलांमध्ये सिक्युअर बूटची (फक्त सही असलेलीच सिस्टीम सुरू होऊ देणाऱ्या सोयीची) मूळ किल्ली म्हणून एएमआय या बायोस बनवणाऱ्या कंपनीची नमुन्याची किल्ली तशीच सोडलेली होती, जिच्या नावातच ‘विश्वास ठेवू नका’ असं लिहिलेलं होतं. स्वतःच्या डब्यात कुठली आहे ते पाहायला दोन मिनिटं लागतात. आणि वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंग बायोसमध्ये आहे याची खात्री करा. कोपऱ्यात ठेवलेल्या सर्व्हरला हिच्याइतकी उपयोगी दुसरी सेटिंग नाही.

शांततेबद्दल एक खुलासा. पंखा नाही म्हणजे आवाज नाही असं नेहमी होत नाही. वीजपुरवठ्यातल्या गुंडाळ्या काही भाराखाली बारीक चिरचिरतात, रात्रीच्या शांततेत डासासारख्या. हे मॉडेलवर नव्हे, एकेका नगावर अवलंबून असतं, म्हणून उशाजवळ ठेवायचा असेल तर परतीच्या मुदतीत एक रात्र तिथेच चालवून पाहा. आणि फोटोंसाठी बाहेरून फिरती हार्ड डिस्क जोडणार असाल तर आवाज तीच करणार. मग पंख्यावर वाचवलेली शांतता तिथे खर्ची पडते. एसएसडी परवडत असेल तर दोन घ्या, एक आत आणि एक बॅकअपला. आतल्या एकट्या डिस्कवरचे फोटो म्हणजे साठा झाला, बॅकअप नव्हे.

विजेचं गणित तुमच्या बाजूने आहे. सरासरी 8 वॅट खाणारा डबा वर्षभरात 70 युनिट घेतो. जुना डेस्कटॉप 60 वॅटने तेच काम करताना 525 घेतो.

तेव्हा तुमच्यासाठी: एन100 किंवा त्याच वर्गातली चिप, रॅम 8 जीबी पुरे पण बदलता येणारी, आत खरा एसएसडी, काळी पट्ट्यांची धातूची केस. 2.5 गिगाबिटचं नेटवर्क देत असतील तर चिप आय226 आहे की आधीची आय225 हे विचारा. आय225 च्या सुरुवातीच्या तुकड्यांत दोष होता, जोडणी अडखळायची. डबा उभा ठेवता आला तर पट्ट्या उभ्या राहतील असा ठेवा, म्हणजे गरम हवेला वर जायला गल्ल्या मिळतात. त्याच्यावर राउटर ठेवू नका. बंद कपाटात तर नकोच. तिथे खोलीचं तापमान कामाचं नाही, कपाटातल्या हवेचं मोजायचं.

आणि एक जादा अडॅप्टर सोबतच मागवा, कारण माझ्या अनुभवात डब्याच्या कितीतरी आधी तो जातो. बहुतेकांचा 12 व्होल्टचा गोल पिनवाला असतो, पण त्यात 2.1 आणि 2.5 मिलिमीटर अशा दोन जाती आहेत. 2.5 चा प्लग 2.1 च्या पिनेवर बसतो, दिवाही लागतो, आणि मग कुणी टेबलाला धक्का दिला की डबा रीस्टार्ट होतो. याला लोक महिनोन्‌महिने सॉफ्टवेअरचा दोष समजतात. जादा अडॅप्टरवर मार्करने लिहून ठेवा की तो कुठल्या डब्याचा. तीन वर्षांनी खणात सारखे दिसणारे सहा काळे अडॅप्टर निघतात आणि त्यातला एक 19 व्होल्टचा असतो.